लॉर्ड सॅलिसबरी: मतदारांना घाबरणारा उमराव तीनदा पंतप्रधान कसा झाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिझरायली (कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे टोरी पक्षाचा ब्रिटिश पंतप्रधान) आणि ग्लॅडस्टन (लिबरल पक्षाचा) यांच्यावर ढीगभर वाचायला मिळतं, पण ब्रिटनचा तीनदा पंतप्रधान झालेल्या लॉर्ड सॅलिसबरीबद्दल कुणी धड काही सांगत नाही. तो एवढा जुनाट विचारांचा उमराव होता तर लोकांनी त्याला पुन्हापुन्हा सत्तेवर कसं बसवलं, आणि आपल्याकडच्या माणसाने त्याच्याबद्दल वाचावं तरी का? मी बरीच वर्षं कॉलेजात एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड शिकवतेय आणि सॅलिसबरी हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या माणसाची नजर विलक्षण स्वच्छ होती. आकडे बघितले की त्याला पुढचं दिसायचं, नकाशा बघितला की त्याला डाव कळायचा. जिथे मतदार होता तिथे या नजरेच्या जोरावर त्याने राज्य केलं. जिथे मतदार नव्हता, म्हणजे आपल्याकडे, तिथे त्याला तितकंच स्वच्छ दिसत होतं, ते त्याने लिहूनही ठेवलं, आणि कारभार होता तसाच चालू राहिला. हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय सॅलिसबरी कळत नाही असं मला वाटतं.

आता माणूस. जन्म ३ फेब्रुवारी १८३०, लंडनच्या उत्तरेला असलेल्या हॅटफील्ड हाऊस या वाड्यात. नाव रॉबर्ट गॅस्कॉइन-सेसिल. सेसिल घराणं म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुख्य कारभारी विल्यम सेसिल याचे वंशज, आणि हॅटफील्डचा वाडा त्याच्या मुलाने १६११ च्या सुमारास बांधून पुरा केला. एवढं मोठं घर, पण हा थोरला मुलगा नव्हता आणि तिकडे किताब, इस्टेट सगळं थोरल्याकडे जातं, त्यामुळे याच्या वाट्याला काही येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. आई तो नऊ वर्षांचा असताना गेली. पुढे ईटनच्या शाळेत त्याला मोठ्या मुलांनी इतकं छळलं, लाथा, थुंकणं, सगळं, की वडिलांना लिहिलेली त्याची पत्रं आजही वाचवत नाहीत. शेवटी १८४५ मध्ये वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरी आणलं. सुट्टीत लंडनला गेला तरी हा मुलगा मोठ्या रस्त्याने जायचा नाही, शाळेतलं कुणी भेटेल म्हणून गल्लीबोळातून जायचा. माणसांचा घोळका जमला की तो काय करू शकतो याची जी धास्ती त्याच्या लिखाणात आयुष्यभर दिसते तिचं मूळ बरेच अभ्यासक इथे शोधतात आणि मला ते पटतं.

ऑक्सफर्डला दोन वर्षं काढली, तब्येत ढासळली, डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला म्हणून दक्षिण आफ्रिकेतलं केप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा फिरून आला. १८५३ मध्ये स्टॅमफर्डहून हाऊस ऑफ कॉमन्समध्ये गेला, तेही बिनविरोध, कारण तो मतदारसंघ नात्यातल्याच एका उमरावाच्या मुठीत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा: तीनदा पंतप्रधान झालेल्या या माणसाला आयुष्यात एकदाही लढत देऊन मतं मागावी लागली नाहीत.

१८५७ मध्ये त्याने जॉर्जिना आल्डरसन या न्यायाधीशाच्या मुलीशी लग्न केलं. वडिलांना ती सोयरीक पसंत नव्हती, पैसेही कमी आणि घराणंही कमी, ते लग्नाला आले नाहीत. मग या मार्क्विसच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या उमरावाच्या, मुलाने पोटापाण्यासाठी चक्क लेखणी धरली आणि सॅटरडे रिव्ह्यू, क्वार्टर्ली रिव्ह्यू यांसारख्या नियतकालिकांत वर्षानुवर्षं लिहीत राहिला, बहुतेक सगळं निनावी. मला विचाराल तर सॅलिसबरी घडला तो या लिखाणात, वाड्यात नाही. वाक्यं धारदार, विनोद बोचरा, आणि मुद्दा एकच: राज्य ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे त्यांच्या हातात राहिलं पाहिजे, मतं मोजून राज्य करायला लागलात तर एक दिवस बहुसंख्य लोक अल्पसंख्यांची मालमत्ता कराच्या रूपाने काढून घेतील.

जुने कागद वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण विद्यार्थी हमखास गोंधळतात. १८६५ पर्यंत तो लॉर्ड रॉबर्ट सेसिल आहे, थोरला भाऊ वारल्यावर व्हायकाउंट क्रॅनबोर्न होतो, आणि १८६८ मध्ये वडील गेल्यावर तिसरा मार्क्विस ऑफ सॅलिसबरी. तिन्ही नावांचा माणूस एकच.

१८६६ मध्ये तो पहिल्यांदा मंत्री झाला, खातं भारताचं. आणि पुढच्याच वर्षी राजीनामा देऊन मोकळा झाला. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. डिझरायलीने मताधिकार वाढवणारं बिल आणलं आणि मंत्रिमंडळाला सांगितलं की घाबरू नका, यात असे अडसर घातलेत की गरीब मतदारांचा लोंढा येणार नाही. बाकीच्यांनी मान डोलावली. क्रॅनबोर्न २४ फेब्रुवारी १८६७ च्या रविवारी रात्री आकडेवारी घेऊन बसला, एकेक शहर घेऊन हिशेब केला, आणि त्याला दिसलं की मोठ्या शहरांत हे अडसर थोडेफार चालतील पण छोट्या शहरांत त्यांचा काही उपयोगच नाही. रात्रीच पंतप्रधान डर्बीला पत्र. सोमवारी सकाळी सगळीकडे पळापळ, घाईघाईने बैठक, आणि दहा मिनिटांत बिलाचा वेगळाच मसुदा ठरला, म्हणून त्याला टेन मिनिट्स बिल असंच नाव पडलं. ते टिकलं नाही, डिझरायली पुन्हा मूळ वाटेवर आला, आणि क्रॅनबोर्न, कार्नारव्हन आणि जनरल पील अशा तिघांनी राजीनामे दिले. पुढे बिल आणखी सैल झालं आणि मतदार जवळपास दुप्पट झाले. क्रॅनबोर्नने यावर लिहिलेला लेख म्हणजे स्वतःच्याच पक्षावर शरणागतीचा उघड आरोप होता.

त्याचा हिशेब बरोबर होता. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पुढे चुकला, आणि हीच तुमच्या प्रश्नातली खरी गंमत आहे. ज्या मतदाराला तो इतका घाबरत होता त्याच मतदाराने त्याला सत्ता दिली. कशी, तर त्यासाठी १८८४ कडे जावं लागेल.

डिझरायली १८८१ मध्ये गेला आणि लॉर्ड्समधल्या, म्हणजे उमरावांच्या सभागृहातल्या, टोरी पक्षाचं नेतृत्व सॅलिसबरीकडे आलं. ग्लॅडस्टनने १८८४ मध्ये खेड्यातल्या मजुरांनाही मत द्यायचं बिल आणलं. सॅलिसबरीने लॉर्ड्समध्ये ते अडवून धरलं आणि सांगितलं की मतदार वाढवायचे तर मतदारसंघही नव्याने आखा, दोन्ही बरोबरच झालं पाहिजे. राणी व्हिक्टोरियाने मध्यस्थी केली, दोन्ही पक्षांचे पुढारी समोरासमोर बसले आणि त्याच्या आर्लिंग्टन स्ट्रीटच्या घराच्या नावाने ओळखला जाणारा समझोता झाला. मतदार साधारण ३० लाखांवरून ५० लाखांच्या वर गेले. पण त्याच्या बदल्यात सॅलिसबरीने मिळवलं काय, तर बहुतेक ठिकाणी एक मतदारसंघ एक खासदार. आधी एखाद्या मोठ्या शहरातून दोन-तीन खासदार एकत्र निवडून जायचे आणि शहरातली कामगार वस्ती बाकीच्यांना गिळून टाकायची. आता शहराचे तुकडे झाले, तेव्हा बंगल्यांची उपनगरं वेगळी पडली, व्यापारी भाग वेगळा पडला, आणि कारकून, दुकानदार, वकील, छोटे कारखानदार यांच्या वस्त्या स्वतःचा खासदार पाठवू लागल्या. हे लोक एकेकाळी लिबरल होते पण आता त्यांच्याकडेही गमावण्यासारखं काहीतरी आलं होतं. उपनगरातल्या या बंगलेवाल्या टोरींना संघटित करायला हवं असं त्याने १८८२ मध्येच पत्रात लिहून ठेवलं होतं. १८६७ मध्ये आकडे बघून घाबरलेला माणूस १८८४ मध्ये नकाशा बघून हसला असणार. आपल्याकडे मतदारसंघांची पुनर्रचना झाली की कुठला वॉर्ड कुठे गेला यावर राजकारणी रात्ररात्र बसतात, ते का हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने हा समझोता जरूर अभ्यासावा.

दुसरा हातभार आयर्लंडने लावला. १८८६ मध्ये ग्लॅडस्टनने आयर्लंडला होमरूल, म्हणजे घरचा कारभार स्वतः करण्याचा हक्क, द्यायचं ठरवलं, त्याचाच पक्ष फुटला, ३४१ विरुद्ध ३११ मतांनी बिल पडलं आणि फुटलेले लिबरल युनियनिस्ट (आयर्लंड ब्रिटनला जोडलेलंच राहावं म्हणणारे) सॅलिसबरीच्या मागे उभे राहिले. जून १८८५ ते जानेवारी १८८६ ही त्याची पहिली छोटी कारकीर्द, मग जुलै १८८६ ते ऑगस्ट १८९२, आणि मग जून १८९५ ते जुलै १९०२. एकूण तेरा वर्षांच्या वर. कारकीर्दभर लॉर्ड्समध्ये बसून सरकार चालवणारा हा शेवटचा पंतप्रधान. माणसं सांभाळण्यापेक्षा माणसाला स्वतःच्या वजनाने पडू देण्यात तो तरबेज. रँडॉल्फ चर्चिलने (विन्स्टनचा बाप) डिसेंबर १८८६ मध्ये अर्थमंत्रीपदाचा राजीनामा धमकी म्हणून पाठवला, मनात होतं की म्हातारा विनवण्या करेल. सॅलिसबरीने तो सरळ स्वीकारला, जागेवर गोशेनला आणलं आणि रँडॉल्फ पुन्हा कधी मंत्री झाला नाही.

तो फक्त अडवणारा होता असं समजू नका. १८८३ मध्ये त्याने लंडनच्या गरिबांच्या घरांच्या हालाखीवर असा लेख लिहिला की त्याच्याच पक्षातले लोक चमकले, आणि त्यातून पुढे रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं. १८८८ मध्ये निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल (आपल्या जिल्हा परिषदांसारख्या) आल्या, १८९१ मध्ये प्राथमिक शिक्षण जवळपास सगळीकडे मोफत झालं, आणि हे सगळं याच्या सरकारने केलं. आयर्लंडमध्ये मात्र १८८७ मध्ये भाच्याला, म्हणजे आर्थर बॅल्फोरला, पाठवून दडपशाहीचा कायदा राबवला. नातेवाईक इतके भरले की लोक सरकारला हॉटेल सेसिल म्हणू लागले.

परराष्ट्र खातं हा त्याचा खरा श्वास, पंतप्रधान असतानाही बहुतेक काळ ते त्याने स्वतःकडेच ठेवलं. एप्रिल १८७८ मध्ये पहिल्यांदा परराष्ट्रमंत्री झाला आणि त्याच उन्हाळ्यात डिझरायलीबरोबर बर्लिन काँग्रेसला, म्हणजे रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर भरलेल्या युरोपी सत्तांच्या परिषदेला, गेला. टाळ्या डिझरायलीला मिळाल्या, पण करारांची आणि कलमांची मेहनत याची. पुढे १८८९ मध्ये नौदल आपल्या खालोखालच्या दोन देशांच्या एकत्रित नौदलाइतकं ठेवायचं धोरण, १८९० मध्ये हेलिगोलंड बेट जर्मनीला देऊन झांझिबारवर हक्क मिळवणं, १८९८ मध्ये नाईलकाठच्या फाशोदाला फ्रेंचांना एक गोळी न झाडता मागे घ्यायला लावणं. आफ्रिकेचे तुकडे पाडणाऱ्यांत तो होताच, आजच्या हरारेचं नाव १८९० पासून १९८२ पर्यंत सॅलिसबरी होतं ते याच्यावरूनच. कुणाशी कायमचा तह करून बांधून घ्यायला मात्र तो तयार नसायचा. १९०१ मध्ये जर्मनीशी युती करायची टूम निघाली तेव्हा त्याने लिहिलेलं टिपण म्हणजे शांतपणे नाही कसं म्हणावं याचा वस्तुपाठ आहे. त्याचं आवडतं तत्त्व होतं की जुन्या मेलेल्या धोरणांची मढी कवटाळून बसू नये, आणि हे त्याने १८७७ मध्ये लिहिलं ते आपल्याच व्हाइसरॉय लिटनला.

घरचा सॅलिसबरी मला फार आवडतो. सव्वासहा फुटांच्या वर उंची, कपडे गबाळे, चारचौघांत लाजरा, विज्ञानाचं वेड. हॅटफील्डमध्ये त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, आणि १८८० च्या सुमारास, खासगी घरात वीज म्हणजे नवल असताना, त्याने वाड्यात दिवे बसवले. तारा उघड्या. जेवताना छतावरच्या तारेने पेट घेतला की मुलं गप्पा न थांबवता उशा फेकून आग विझवायची आणि पुन्हा जेवायला बसायची. टेलिफोन बसवला तेव्हा चाचणी म्हणून तो स्वतः वाड्यातल्या फोनवर बडबडगीत म्हणून दाखवायचा. १८९४ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून भाषण केलं त्यात विज्ञानाला अजून काय काय माहीत नाही याचीच यादी दिली. राणीने ड्यूक करायला काढलं तरी नको म्हणाला.

आता आपल्याकडे.

१८६६ च्या जुलैत तो भारतमंत्री झाला तेव्हा ओरिसात दुष्काळ पेटला होता. अधिकारी सांगत होते की व्यापारी तांदूळ आणतीलच, सरकारने मध्ये पडायचं कारण नाही. त्याने दोन महिने ऐकलं. सुमारे दहा लाख माणसं मेली. पुढच्या वर्षी पार्लमेंटमध्ये तो म्हणाला की अर्थशास्त्राला अधिकाऱ्यांनी देव करून ठेवलं होतं, आणि पुढे त्याने कबूल केलं की या दोषातून मी स्वतःला कधीच पूर्ण सोडवू शकलो नाही. त्या काळचा दुसरा कुठला मंत्री एवढं उघड बोलला असेल असं मला वाटत नाही.

१८७४ मध्ये तो पुन्हा त्याच खात्यावर आला आणि आपल्या दृष्टीने १८७५ चा एप्रिल-मे महिना बारकाईने बघण्यासारखा आहे. एप्रिलमध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. रेसिडेंट (इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी) कर्नल फेअरवर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी करायला सहा जणांचं कमिशन होतं, तीन इंग्रज म्हणाले दोषी, ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव राजवाडे म्हणाले आरोप सिद्ध होत नाही. मग सरकारने कमिशनच्या निकालाचा आधारच सोडला आणि गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना उतरवलं. संस्थान मात्र खालसा केलं नाही, कारण नीट चालणारी देशी संस्थानं लोकांच्या हिताची असतात हे मत त्याने १८६७ मध्येच पार्लमेंटमध्ये मांडलं होतं. मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला.

त्याच एप्रिलच्या २६ तारखेला सॅलिसबरीने जमीन महसुलावर एक टिपण लिहिलं. त्यात म्हणतो की शेतकऱ्यावरचा बोजा कमी करायला हवा, खेड्यात भांडवल नाही आणि शहरात पैसा ऐषआरामात वाया जातो, आणि हिंदुस्थानचा पुष्कळ महसूल थेट मोबदला न मिळता देशाबाहेर जातो म्हणून हे नुकसान आणखी वाढतं. आणि मग ते वाक्य: हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे तर सुरी जिथे रक्त साठलंय तिथे लावा, आधीच अशक्त झालेल्या अवयवांना नको. दादाभाई नौरोजींनी हे वाक्य पकडलं आणि पुढे आयुष्यभर इंग्रजांपुढे धरलं, कारण संपत्ती बाहेर वाहतेय हे खुद्द भारतमंत्र्याच्या लेखणीतून आलं होतं. हे टिपण लिहून पुरते तीन आठवडे झाले नव्हते तर १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे ते हेच. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध नव्हता, सुप्यात कुणी ते टिपण वाचलेलं नव्हतं, पण लंडनला बसून त्याला जे दिसलं ते सुप्याच्या शेतकऱ्याच्या अंगावर उठलेलं होतं.

मग झालं काय? महसुलाची पद्धत तीच राहिली. दुसऱ्याच वर्षी दख्खन आणि मद्रासचा मोठा दुष्काळ पडला, एकूण किमान ५० लाख माणसं गेली, सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरची मजुरी छाटली, पुण्याची सार्वजनिक सभा अर्जांवर अर्ज आणि गावोगावचे अहवाल पाठवत राहिली. खात्याचा मंत्री सॅलिसबरीच होता, फक्त १८७६ च्या हिवाळ्यात तो तुर्कस्तानच्या परिषदेसाठी कॉन्स्टँटिनोपलला होता. ओरिसाची टोचणी असलेला माणूस असूनही दुसऱ्या वेळी काही बदललं नाही, हे मला आजही वाचताना फार जड जातं.

त्याच सुमारास आयसीएसच्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीच्या, परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली, म्हणजे इकडच्या मुलाने शाळकरी वयात समुद्र ओलांडायचा. सुरेंद्रनाथ बॅनर्जी याविरुद्ध देशभर फिरले आणि त्यातून जे जाळं उभं राहिलं ते पुढे काँग्रेसच्या कामी आलं. अफगाणिस्तानच्या बाबतीतही असंच. रशिया येतोय म्हणून ओरडणाऱ्यांना तो सांगायचा की जरा मोठे नकाशे बघा, छोट्या नकाशावर सगळंच जवळ दिसतं. पण अमीराच्या मुलखात इंग्रज प्रतिनिधी बसवायचा आग्रह त्याचाच, व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने विरोध केला आणि पद सोडलं, लिटन आला, १८७८ मध्ये युद्ध झालं. १८८० मध्ये मैवंदला जी फौज कापली गेली तिच्यात आपल्या बॉम्बे आर्मीच्या पलटणी होत्या.

शेवटी दादाभाईंचा किस्सा, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे पडते. १८८६ मध्ये दादाभाई लंडनच्या होबर्नमधून उभे राहिले आणि हरले. ३० नोव्हेंबर १८८८ ला एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान सॅलिसबरी म्हणाला की आपण कितीही पुढे गेलो तरी इंग्लिश मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देईल इतके पुढे गेलोय असं मला वाटत नाही. गदारोळ झाला. ज्या दादाभाईंना इंग्लंडात लंडनबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं त्यांचं नाव तिकडे देशभर पोचलं. १८९२ च्या निवडणुकीत सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना पाच मतांनी निवडून दिलं, आणि त्याच निवडणुकीने सॅलिसबरीची सत्ता गेली. १८९५ ला तो दणदणीत बहुमताने परत आला आणि दादाभाई पडले. पण त्याच निवडणुकीत लंडनच्या ईस्ट एंडमधल्या बेथनल ग्रीनच्या कामगार वस्तीतून मुंबईचे मंचेरजी भावनगरी निवडून आले, ते सॅलिसबरीच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे उमेदवार होते आणि १९०६ पर्यंत त्यांनी ती जागा राखली.

त्याच सरकारच्या काळात पुण्यात प्लेग आला, रँडचा खून झाला, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि सॅलिसबरीचा एकेकाळचा सहायक सचिव जॉर्ज कर्झन व्हाइसरॉय होऊन इकडे आला. १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिना गेली, त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं होतं, आणि तो आतून संपला. १९०० मध्ये परराष्ट्र खातं सोडलं, जुलै १९०२ मध्ये पंतप्रधानपद बॅल्फोरकडे दिलं, आणि २२ ऑगस्ट १९०३ ला हॅटफील्डमध्ये वारला. १९०६ मध्ये भाच्याचा पक्ष साफ आपटला, खुद्द बॅल्फोर स्वतःची जागा हरला, आणि मामाने सांभाळलेल्या उपनगरांतल्या कितीतरी जागा लिबरलांनी नेल्या.